खारा वारा, दमट हवा आणि नॉइज कॅन्सलेशन: कानावरचा की कानातला?

हेडफोनची परीक्षणं बहुतेक एसी खोलीत बसून लिहिलेली असतात. बास किती खोल, ॲप कसं, रंग कुठले, सगळं असतं. जुलैत चिपळुणात पंख्याखाली बसलं तरी अर्ध्या तासात कानाभोवती घामाचं कडं जमतं, त्याबद्दल मात्र एक ओळ नसते. किनारपट्टीवर नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायचा तर कंपनी कुठली हा पुढचा प्रश्न. आधी ठरवायचं ते कानावर बसणारा घ्यायचा की कानात जाणारा. ते दोन गोष्टींवर ठरतं: तुम्हाला नेमका कुठला आवाज नकोय, आणि ती वस्तू आपल्या हवेत किती दिवस टिकणार.

मत आधीच सांगून टाकतो. महाडपासून सावंतवाडीपर्यंत राहणाऱ्या बहुतेकांनी कानातलाच घ्यावा. कानावरचा घ्यावा तो दोघांनी. एक, जो दिवसातले चार-पाच तास एसीत एका जागी बसून काम करतो. दुसरा, ज्याच्या कानात काही टिकतच नाही किंवा ज्याचा कान वरचेवर ठणकतो, वाहतो. बाकीच्यांनी दुकानात मऊ गाद्यांचा तो गुबगुबीत हेडफोन बघून भुलू नये. पहिल्या पावसाळ्यानंतर तो खुंटीलाच दिसतो.

नॉइज कॅन्सलेशन म्हणजे काय हे थोडक्यात कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं. हेडफोनवरचे छोटे मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप त्याच्या नेमकी उलटी लहर तयार करते आणि दोन लहरी कानापाशी एकमेकींना खाऊन टाकतात. चांगल्या मॉडेलात मायक्रोफोन बाहेरही असतो आणि आत, कानाच्या बाजूलाही. बाहेरचा येणाऱ्या आवाजाची वर्दी देतो, आतला उरलेला आवाज मोजून चूक सुधारतो. यात वेळ साधावी लागते. १०० हर्ट्‌झच्या घरघरीची एक लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, तिला गाठायला चिपकडे भरपूर सवड असते. ४००० हर्ट्‌झच्या किणकिणाटाची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. तिथे किंचित उशीर झाला की उलटी लहर चुकीच्या जागी पडते. म्हणून ही करामत साधारण १००० हर्ट्‌झच्या खालीच नीट चालते. त्याच्या वरचा आवाज अडवते ती कानावरची गादी किंवा कानातली रबरी टिप. साधं बूच, इलेक्ट्रॉनिक काही नाही.

हे तंत्र मुळात इंजिनाच्या घरघरीसाठीच वाढलं. उलट्या लहरीचं पेटंट पॉल ल्यूग यांना १९३६ साली मिळालं, पण ते कानावर यायला अर्धशतक गेलं. अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात हेडफोनमधून इंजिनच जास्त ऐकू आलं आणि तिथून त्यांनी यावर काम सुरू केलं. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ साली बाजारात आला. तेव्हा विमानात हा प्रकार जादूसारखा वाटतो आणि घरी तोच फिका पडतो, यात नवल नाही.

आता आपल्याकडचे आवाज घ्या. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीचं डिझेल इंजिन, घाटात दुसऱ्या गिअरमध्ये घोंघावणारी एसटी, लाइट गेल्यावर शेजारच्या हॉटेलचा जनरेटर, विहिरीवरचा पंप, रेल्वेच्या एसी डब्याची घरघर. हे सगळे खालच्या पट्टीतले आणि न थांबणारे आवाज. इथे दोन्ही प्रकार चोख काम करतात. पूर्वी कानावरचा यात सरळ सरस होता. आता वरच्या किमतीच्या कानातल्यांनी तो फरक जवळजवळ मिटवलाय. एसटीच्या खिळखिळ्या काचांची खडखड मात्र वरच्या पट्टीची आणि तुटक असते. चिरेखाणीतलं कटर, गवत कापायच्या मशीनची किरकिर, संध्याकाळचे रातकिडे, सगळे त्याच जातीचे. चिप त्यांना हातच लावत नाही. टिप किंवा गादी जेवढं थोपवेल तेवढंच. शिमग्यातला ढोल खालच्या पट्टीतला असूनही दबत नाही. ठोका एवढा मोठा आणि अचानक येतो की मायक्रोफोनची आणि छोट्या ड्रायव्हरची, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या स्पीकरची, कुवतच संपते.

पत्र्यावरच्या पावसाचं वेगळं सांगायला हवं, कारण हेडफोन घेण्यामागे पुष्कळांचं कारण तेच असतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. कौलांवर पडला तर त्याचा आवाज मऊ असतो. पत्र्यावर पडला की खालच्या घुमण्यापासून वरच्या सळसळीपर्यंत सगळ्या पट्ट्या एकदम भरतात. एएनसी, म्हणजे हेच नॉइज कॅन्सलेशन, चालू केल्यावर घुमणं जातं आणि मागे उरते तळणीतल्या तेलासारखी चरचर. लोकांना वाटतं मशीन बिघडलं. बिघडलेलं नसतं, चिपचं काम तिथे संपतं. ती चरचर अडवायची तर कानाची पोकळी नीट बंद व्हायला हवी, आणि इथे नीट बसलेली फोमची टिप कानावरच्या गादीला सहज मागे टाकते. पत्र्याच्या पडवीत बसून ऑनलाइन क्लास किंवा मीटिंग करायची असेल तर कानातल्याकडे वळायला हे एक कारण पुरेसं आहे. समोरच्याला तुमच्या बाजूचा पाऊस ऐकू जातो की नाही, हा वेगळा विषय. तो पुढे येतोच.

शेजारच्या बर्थवरच्या गजाली बंद होतील अशी आशा धरू नका. माणसाच्या आवाजाचा खर्ज कमी होतो, शब्द उरतात. त्यावर हलकं संगीत लावलं की बोलणं बुडतं, आणि एएनसीमुळे ते हलकंच पुरतं, हा खरा फायदा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित धरतात. खिडकी उघडी असलेल्या स्लीपरच्या डब्यात साध्या इअरफोनवर गाणी ऐकणारा माणूस आवाज वाढवत वाढवत ती मर्यादा कधी ओलांडतो हे त्याला कळतही नाही.

कोकण रेल्वेचा प्रवास हीच एक चांगली चाचणी आहे. एसी डब्यात दोन्ही प्रकार उत्तम. स्लीपरमध्ये उघड्या खिडकीतून चाकांचा खणखणाट आणि वारा थेट आत येतो, तिथे बूच महत्त्वाचं. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. ताशी ८०च्या वेगाने गेलं तरी पाच मिनिटं आत. बोगद्यात आवाज भिंतींवरून परत डब्यात येतो आणि शिरतानाच हवेच्या दाबाचा एक धक्का बसतो. तेव्हा हेडफोनमधून 'भप्प' किंवा बारीक 'टक' असा आवाज आला तर घाबरायचं कारण नाही. दाबाच्या धक्क्याने ड्रायव्हरचा पडदा क्षणभर टोकापर्यंत ढकलला जातो, इतकंच. दर बोगद्याला कान दडपल्यासारखे वाटत असतील तर ॲपमधून एएनसीची पातळी निम्म्यावर आणावी. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना टिपा एकदा काढून आवंढा गिळावा, कारण घट्ट टिपेच्या मागे अडकलेली हवा त्रास देते.

झोपेचा मुद्दा सरळ आहे. कानावरचा घालून कुशीवर झोपता येत नाही, आणि गाडीच्या बर्थवर माणूस उताणा फार वेळ राहत नाही. कानातला छोटा असेल तर चालतो. मात्र डावा-उजवा उशीच्या दाबाने हलतो आणि सकाळी एक हमखास चादरीत किंवा सीटच्या फटीत सापडतो. गाडी सावंतवाडीला पोचत असताना मोबाइलचा टॉर्च लावून शोधाशोध करणारे पुष्कळ.

कानावरच्याचं सगळं कसब त्याच्या सीलमध्ये असतं. गादी आणि कातडी यांच्यात कुठे फट राहिली की खालच्या पट्टीतला आवाज तिथूनच आत येतो, आणि एएनसीचं क्षेत्र नेमकं तेच. चष्म्याची काडी ही सर्वांत मोठी चोरवाट. बारीक तारेची काडी चालते. जाड प्लॅस्टिकच्या काडीने फरक लगेच ऐकू येतो. कानात कुड्या असतील तर गादी त्या पाळीवर दाबते आणि तासाभरात दुखायला लागतं. बुगडी असेल तर विचारूच नका. दुकानात तपासायचं ते असं: गाणं न लावता एएनसी चालू करा, पंख्याजवळ किंवा फ्रीजजवळ उभे राहा आणि दोन्ही कप तळहाताने हलके दाबा. दाबल्यावर घरघर आणखी कमी झाली तर तुमच्या डोक्यावर त्या मॉडेलचं सील नीट बसत नाही. दुसरं मॉडेल बघा. किंमत वाढवून हा दोष जात नाही.

कानातल्याचं तसंच, फक्त जागा वेगळी. खोक्यात तीन-चार आकारांच्या टिपा येतात, आणि निम्मे लोक मधली लावून मोकळे होतात. डाव्या-उजव्या कानाची भोकं सारखी असतीलच असं नाही. एका बाजूला मधली आणि दुसऱ्या बाजूला मोठी लागली तर बिनधास्त लावा. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, टिप आत ठेवून पाव वळसा द्यायचा. मग तोंड उघडून मिटायचं, मान दोन्हीकडे फिरवायची. घरघर मध्येच वाढली तर टिप लहान पडतेय. ॲपमधली फिट टेस्ट उपयोगी असते, पण ती शांत खोलीत आणि स्थिर बसून घेतलेली असते; जबड्याची हालचाल ती धरत नाही. कानातला घालून काजू किंवा चिवडा खाल्ला की स्वतःच्याच चावण्याचा आवाज डोक्यात गिरणीसारखा घुमतो. बंद कानाचा तो स्वभावच. खाताना किंवा बोलताना बाहेरचा आवाज आत घेणारा मोड लावला की कमी होतं.

आता हवेकडे वळू, कारण हेडफोन इथे खराब होतात ते वापराने कमी आणि हवेने जास्त.

कंपन्या ज्याला प्रोटीन लेदर किंवा सॉफ्ट लेदर म्हणतात ते म्हणजे आपलं रेक्झिन, कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. हा थर ओलाव्याने हळूहळू तुटतो. कपाटात वर्षभर ठेवलेला बूट एक दिवस घालायला काढावा आणि तळ भुग्यासारखा गळून पडावा, ते याच कारणाने. त्यात घामातलं मीठ आणि केसांचं खोबरेल तेल मिळालं की गाद्यांना पोपडे धरायला दुसरा पावसाळा लागत नाही. काळे कण मानेवर, शर्टाच्या कॉलरवर दिसायला लागतात. गाद्या बदलता येतात का, आणि कशा, हे घेण्याआधीच बघा. काहींच्या नुसत्या खाचेत बसवलेल्या असतात, नखाने उचकटल्या की निघतात. बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या गाद्या स्वस्त असतात, पण फोमची जाडी आणि आतली जाळी जराशी बदलली की मायक्रोफोनचं गणित चुकतं, बास फुगतो आणि एएनसी मंदावतं. घाम येतो म्हणून वर सुती कव्हर चढवायचा सल्ला लोक देतात. गार वाटतं खरं, पण कापडातून हवा जाते, म्हणजे सील गेलं. नॉइज कॅन्सलेशनसाठी जादा पैसे मोजून त्यावर कव्हर चढवायचं म्हणजे खिडकीला दुहेरी काच बसवून खिडकी उघडी ठेवायची.

दवाचा प्रकार याहून वाईट. एसी डबा साधारण २४ अंशांना असतो. बाहेर फलाटावर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर २७ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. रत्नागिरीला उतरल्यावर चष्मा धुरकट होतो, तेच हेडफोनच्या कपाच्या आत ड्रायव्हरवर होतं; धातूचे कप असतील तर लवकर. उपाय साधा आहे. उतरण्याआधी हेडफोन बंद करून त्याच्या केसमध्ये चेन लावून ठेवायचा आणि वीसेक मिनिटं बाहेर काढायचा नाही. एसी ऑफिसातून निघून थेट पावसात स्टँडकडे चालणाऱ्यांनाही हेच लागू.

कानातल्यांच्या खोक्यावर आयपीएक्स४ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ कुठल्याही बाजूने उडालेलं पाणी चालेल. ते पाणी म्हणजे साधं, गोडं पाणी. समुद्राचं खारं पाणी किंवा घाम त्या चाचणीत नसतो. शिवाय 'एक्स' म्हणजे धुळीची चाचणी नोंदलेलीच नाही. मोठ्या, नावाजलेल्या कानावरच्यांपैकी बहुतेकांना तर असा आकडाच नसतो. पावसाची सर आली की ते पिशवीत. पण इअरबड मरतात ते पावसाने नाही, चार्जिंगच्या डबीत. घामाने ओले बड तसेच डबीत टाकले की डबीच्या पिना आणि बडवरचे ठिपके यांच्यामध्ये खारट ओल राहते आणि त्यातून चार्जिंगचा प्रवाह वाहतो. महिन्याभरात पिनेवर हिरवट-काळा थर चढतो, मग 'डावा चार्जच होत नाही'. म्हणून काढल्यावर सुती फडक्याने पुसून दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली ठेवायचे, मगच डबी. महिन्यातून एकदा पिना आणि ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जरासा भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसायचे. काडी ओलीचिंब नको, आणि जाळीला अल्कोहोल अजिबात लावायचं नाही.

एका बाजूचा आवाज कमी झाला, किंवा एएनसी लावलं की त्याच बाजूला शिट्टीसारखा सूर येतो, अशी तक्रार असेल तर आधी जाळी बघा. दहापैकी बऱ्याच वेळा कानातला मळ आतल्या मायक्रोफोनच्या तोंडावर बसलेला असतो. टिप काढून बड जाळी खाली करून धरायचा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडायचा, म्हणजे मळ खाली पडतो. सुई, टाचणी घालायची नाही. सिलिकॉनच्या टिपा नुसत्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवून लावायच्या. फोमच्या टिपा भिजवायच्याच नाहीत, त्या वर्षभरात बदलायच्या असं धरूनच चालायचं.

दमट हवेत तासन्‌तास कान बूच मारून ठेवला की आत बुरशी धरण्याची शक्यता वाढते, विशेषतः समुद्रात किंवा नदीत पोहून आल्यावर लगेच बड घातले तर. कान कोरडा झाल्याशिवाय घालू नये, आणि सलग दोन तासांनंतर थोडा वेळ मोकळा ठेवावा. खाज, पाणी, दडा बसणं यातलं काही सुरू झालं तर बड बाजूला आणि कानाचा डॉक्टर. आधी ज्याच्या कानाचं हे दुखणं आहे त्याच्यासाठीच सुरुवातीला कानावरच्याची सूट दिली.

किनाऱ्यावर फिरणाऱ्यांसाठी एक खास आपल्याकडची अडचण. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या या भागातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे कण आहेत, आणि ते चुंबकाकडे ओढले जातात. इअरबडच्या आत चुंबक, डबीत चुंबक, झाकणाला चुंबक. बड वाळूत पडला की पांढरी वाळू झटकून जाते, काळी दाढीच्या खुंटासारखी चिकटून राहते आणि जाळीवर गोळा होते. फुंकर मारली तर आत जाते. सेलोटेपचा चिकट भाग हलका लावून उचलायची, चार-पाच वेळा. जाळीच्या आत ड्रायव्हरच्या पडद्यावर दोन कण जरी पोचले तर बासच्या ठोक्याला कायमची चरचर राहते, आणि ती दुरुस्त होत नाही.

वाऱ्याचंही तेच. गुहागरच्या पुळणीवर किंवा जेट्टीवर बाहेरचे मायक्रोफोन वारा टिपतात आणि एएनसी तो दाबायच्या नादात फडफडाट वाढवतं. वारा कमी करणारा मोड असेल तर तो बाहेरचे मायक्रोफोन गप्प करतो. नसेल तर तिथे एएनसी बंद ठेवलेलंच बरं. फोनवर बोलताना समोरच्याला तुमचा आवाज कानावरच्यातून जास्त नीट जाईल असंही नाही. दोघांचेही मायक्रोफोन तोंडापासून लांबच. दुचाकीवर, महामार्गाच्या कडेने चालताना दोन्ही पिशवीत.

बॅटरीच्या बाबतीत मात्र कानावरचा उघड जिंकतो. हिशेब करून बघा. एका चार्जमध्ये सहा तास चालणारा इअरबड रोज चार तास वापरला तर वर्षाला साधारण २४० वेळा पूर्ण रिकामा होऊन भरतो. तीस तास चालणारा कानावरचा तेवढ्याच वापराला वर्षात पन्नास वेळाही भरत नाही. लिथियमचा सेल साधारण पाचशे फेऱ्यांनंतर दमायला लागतो. म्हणजे दोन वर्षांनी बड सहाऐवजी चार-साडेचार तासांवर येणार, आणि तो सेल एवढासा, गोंदाने बंद केलेला, की गल्लीतला मोबाइलवाला त्याला हात लावत नाही. शिवाय वादळात लाइट जाते तेव्हा तीस तासांचा हेडफोन कामाला येतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२०ला येऊन गेल्यावर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या गावांनी अंधाराचे किती दिवस काढले हे सगळ्यांना आठवत असेल. ३.५ मिलिमीटरची वायर जोडता येणारा कानावरचा घेतला तर बॅटरी संपल्यावरही तो बहुधा साधा हेडफोन म्हणून चालतो. बहुधा, म्हणून दुकानात विचारून घ्या. नेकबँडमध्येही एएनसी मिळतं, बॅटरी बडपेक्षा मोठी असते आणि फेरीबोटीच्या कठड्यावरून एक बाजू खाडीत पडत नाही. दिसायला जुनं वाटतं म्हणून कोणी घेत नाही, एवढाच त्याचा दोष.

दुकानात फसगत होते ती दोन अक्षरांच्या गोंधळात. खोक्यावर ईएनसी लिहिलेलं असेल तर ते तुमच्या कानासाठी नाही. फोनवर पलीकडच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू यावा यासाठी आहे. तुम्हाला हवंय ते एएनसी. हजार-बाराशेच्या बडवर मोठ्या टायपात 'नॉइज कॅन्सलेशन' आणि खाली बारीक टायपात ईएनसी, हा नेहमीचा खेळ. दुसरं, '५० डेसिबलपर्यंत'. त्यातला 'पर्यंत' हा शब्द वाचायचा. हा आकडा कुठल्यातरी एका पट्टीतला सर्वांत चांगला निकाल असतो, सगळ्या आवाजाचा नव्हे. ४२ आणि ५० लिहिलेल्या दोन बडमध्ये ४२वालाच तुमच्या कानात जास्त शांत असू शकतो. तिसरं, हुबेहूब नक्कल. फोनवर ॲनिमेशन येतं, बटण दाबलं की 'चालू' असा आवाज येतो, आणि पंख्याची घरघर आहे तशीच. पंख्याची चाचणी इथेही कामाला येते: चालू-बंद करून फरक कळला नाही, तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

नावं घ्यायची तर कानावरच्यांत सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन १९२ ग्रॅमचा, एएनसी लावून ३५ तास. हलकेपणामुळे दमट हवेत हाच सगळ्यात सुसह्य. एएनसी वरच्या मॉडेलांइतकं खोल नाही, पण एसटीच्या घोंघाटाला पुरतं. डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ २५० ग्रॅम, ३० तास, शांतता फार वरची. पण तो घडी होत नाही, त्यामुळे पाठपिशवीत जागा खातो. आधीचा एक्सएम४ घडी होतो आणि जवळजवळ तेवढाच शांत, चांगल्या भावात मिळाला तर सोडू नका. सेनहायझर मोमेंटम ४ साठ तासांपर्यंत चालतो, वजन २९३ ग्रॅम. ॲपलचा मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास, वर धातूचे कप; आपल्या हवेत तो घ्यायला माझं मत नाही, आयफोन असला तरी.

कानातल्यांत आयफोनवाल्यांना सरळ एअरपॉड्स प्रो. यूएसबी-सी डबीचा दुसरा प्रो आयपी५४, एएनसीवर सहा तास. २०२५ साली आलेला तिसरा आयपी५७ आणि आठ तास. दोन्हींत डबीलाही तोच आकडा आहे, आणि आपल्याकडे ही गोष्ट फार मोलाची. अँड्रॉइडवर मात्र त्यांचं ॲपच नाही, फिट टेस्ट नाही, मग एवढे पैसे कशाला? तिथे सोनीचा डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ घ्यावा: आयपीएक्स४, आठ तास, आणि फोमच्या टिपा असल्यामुळे पत्र्यावरच्या पावसाला उत्तम. त्या टिपा इथे लवकर मऊ पडतात. एक जादा जोडी सोबतच मागवायची. कमी पैशांत त्याच घरातला सी७००एन आयपीएक्स४, साडेसात तास, सिलिकॉनच्या टिपा. एलडीएसी वगैरे कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धतींच्या, चर्चेत पडू नका. चालत्या गाडीत तो फरक ऐकू येत नाही.

पावसाळ्यात ठेवायची जागा म्हणजे हवाबंद डबा. पाच लिटरचा झाकणाला रबर असलेला डबा आणि त्यात ५० ग्रॅम सिलिका जेल एका हेडफोनला भरपूर. आत छोटा आर्द्रतामापक ठेवला तर ४० ते ५० टक्क्यांवर नजर ठेवता येते. रंग बदलणारी जेल घेतली तर नारिंगी घ्यावी; निळीत कोबाल्टचं रसायन असतं, ती स्वयंपाकाच्या कढईत भाजून पुन्हा वापरायची नाही. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याने ओल फारशी जात नाही, पीठ मात्र जाळीत जातं.

राहिली खरेदीची जागा. आपल्याकडच्या दुकानांत वरच्या किमतीची मॉडेलं बहुधा बंद खोक्यातच असतात, आणि कानात घातलेली वस्तू कोणी परत घेत नाही. म्हणून आकार आणि सील बघायला मुंबई-पुण्याला किंवा कोल्हापूरला जाणं होईल तेव्हा डेमो पीस कानाला लावून पाहा. वीस मिनिटं तरी, दोन मिनिटांत घाम येत नाही. सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात नसेल तर तुमच्या पिनकोडवर कुरिअरने उचलून नेतात का हे विचारा. पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत बसत नाही, आयपीचा आकडा छापलेला असला तरी. आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याकडून मागवत असाल तर जीएसटीचं बिल तुमच्या नावाचं आणि परत घेण्याची मुदत किती दिवसांची ते आधी विचारून ठेवा. आला त्याच दिवशी पंख्याची, चष्म्याची, जबड्याची चाचणी उरका. म्हणजे काही जमलं नाही तर गौरी-गणपतीचं विसर्जन करून तो परत निघेल तेव्हा खोकं त्याच्याच पिशवीतून मागे जाईल.